जिना कोण चढलं?

"माझं आणि माझ्या सुनेचं पटत नाही, हे आधीच सांगून ठेवते," खुर्चीत टेकायच्या आधीच सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर नंतर म्हणाल, घरचं माणूस म्हणून बाजू घेतेय."

वहिनींनी मान डोलावली. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेले भावोजी मात्र खुर्ची पुढे ओढून सरसावले. सासू सुनेसाठी गुप्तहेराकडे येते हा प्रकार त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

हे कार्यालय वहिनींच्या नवऱ्याचं. तो गेल्यावर पाटी काढायला माणूस आला, तेव्हा वहिनींनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. प्रयोगशाळेतली नोकरी सोडली आणि नवऱ्याच्या खुर्चीत बसल्या. रक्त-थुंकीच्या नमुन्यांत नजर घालण्यात त्यांची हयात गेली होती. आता त्या माणसांत नजर घालू लागल्या, एवढाच फरक. दीर, म्हणजे भावोजी, मदतीला आले. त्यांचा फोटो स्टुडिओ होता. हातोहाती फोन आले, फोनमध्ये कॅमेरे आले आणि स्टुडिओ बसला. डोकं जरा सावकाश चालायचं, पण माणूस सोन्यासारखा.

"सून नर्स आहे," सासूबाई सांगू लागल्या. "नुकत्या जन्मलेल्या, अशक्त बाळांच्या विभागात. तिथं एकामागून एक तीन बाळांच्या रक्तात एकच जंतू सापडला. एक बाळ गेलं. आता रुग्णालय म्हणतं, हिनं हात न धुता बाळं हाताळली. अहो, लग्न होऊन आल्यापासून बघतेय मी तिला. घरात पाऊल टाकलं की आधी साबण. आमची निम्मी भांडणं साबणाच्या वडीवरून. आणि ती हात धुत नाही?"

"त्या स्वतः नाही आल्या?"

"भिंतीकडे तोंड करून पडलीय. जेवत नाही." सासूबाईंचा आवाज खाली आला. "आठवडाअखेर आरोग्य खात्याचे अधिकारी येणार आहेत. त्यांनी मान डोलावली की नोकरी गेलीच, वर पोलीस. माझ्या घरातून माणूस तसं बाहेर जाणार नाही."

---

सून उठून बसली ती वहिनींनी तिचे हात हातात घेतले म्हणून. बोटांच्या पेरांवर कातडी फाटली होती, मनगटापर्यंत लाल चट्टे होते.

"एवढं धुऊन हे झालंय," ती म्हणाली. "आणि याच भेगांत जंतू लपले, असं म्हणतात. माझ्या हातांचा नमुना घेतला, त्यात तोच जंतू निघाला."

"नमुना कधी घेतला?"

"तिसरं बाळ आजारी पडल्यावर. मीच बघत होते त्याला."

"आजारी बाळाची सेवा करणारीच्या हातावर त्याचा जंतू नाही तर काय गुलाबपाणी सापडणार?" वहिनी पुटपुटल्या. "त्या तिघांच्या उबेच्या पेट्या शेजारीशेजारी होत्या?"

"नाही ना. एक दाराजवळ, एक कोपऱ्यात, एक खिडकीखाली. मधली बाळं ठणठणीत. माझ्याच हातांनी गेलं असतं, तर मधल्यांना का नाही झालं?"

"आत काय काय जातं?"

"काहीच नाही. घड्याळ, अंगठी, पर्स, सगळं बाहेर. फोन तर मुळीच नाही. दाराबाहेर खणांचं कपाट आहे. आपला फोन आपल्या खणात, किल्ली खुंटीला. मोठ्या डॉक्टरांचाही खण आहे. आधी त्यांचा फोन खणात पडतो, मगच ते हात धुतात."

"मोठे डॉक्टर म्हणजे मालक?"

"हो. त्यांचंच रुग्णालय. तापट आहेत, पण बाळांवर माया. फेरीला आले की मला म्हणायचे, सिस्टर, दिवसभर उभ्या आहात, जरा दुधाच्या खोलीत टेकून या, मी बसतो बाळांपाशी." तिचे डोळे भरले. "आणि आता तेच म्हणतात, माझं लक्ष नव्हतं."

बाहेर पडल्यावर भावोजी म्हणाले, "पोरगी खरी वाटते. पण मग जंतू आला कुठून? आकाशातून?"

"जंतूला पाय नसतात, भावोजी. तो कुणाच्या तरी खांद्यावर बसून येतो."

---

रुग्णालय दोन मजली होतं. तळमजल्यावर मोठ्या माणसांचे विभाग, जिना चढून वर बाळंतिणी आणि बाळं. खाली काउंटर, समोर बाकं आणि भिंतीवर मोठा पडदा. पडद्यावर तीन फोटो आळीपाळीने येत होते. वर लिहिलं होतं, 'आमचे चिमुकले लढवय्ये'.

भावोजी जागीच थांबले. धंदा गेला तरी नजर जात नाही.

"काय फोटो आहेत, वहिनी! बाळाच्या नाकाच्या पातळीवरून घेतलेत. गालावरची लव मोजून घ्या. कुठं चमक नाही, काचेची झाक नाही. आणि ते बोट बघा."

मधल्या फोटोत एका इवल्या मुठीने मोठ्या माणसाचं बोट धरलं होतं. बोट स्वच्छ होतं, पण नखाच्या मधोमध एक उभी चीर होती.

"तो मधला माझा," मागून आवाज आला.

बाकावर एक तरुण बाई बसली होती. तिच्याजवळ पिशवी नव्हती, औषधाची चिठ्ठी नव्हती. ती कशासाठीही थांबलेली दिसत नव्हती.

"डॉक्टरांनी फोटो माझ्या फोनवर पाठवलाय," ती म्हणाली. "पण इथं मोठा दिसतो. म्हणून येते. कुणी उठवत नाही."

वहिनी तिच्या शेजारी बसल्या.

"लावू का, म्हणून विचारलं होतं त्यांनी," ती पुन्हा म्हणाली. "मी आनंदाने हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याला ताप आला."

भावोजींनी चष्मा काढून पुसला. वहिनी उठल्या तेव्हा त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. आता त्या कुणाशी गोड बोलणार नाहीत, असं भावोजींना वाटलं. पण काउंटरवरच्या मुलीशी त्या अगदी लाडात बोलल्या.

"फोटो छान गं. कोण काढतं?"

"मोठे डॉक्टर, आमचे साहेब स्वतः. वरच्या गॅलरीतून, काचेबाहेरून काढतात. या फोनवर." मुलीने काउंटरवरचा फोन दाखवला. "हा रुग्णालयाचा फोन. नंबर लावणं, डॉक्टरांना निरोप, सगळं याच्यावर. ज्याला लागेल तो घेऊन जातो."

"नवा दिसतो."

"हो, जुना बिघडला म्हणून साहेबांनीच आणून दिला. हुबेहूब तसाच. म्हणून जुनं कव्हर फेकावं लागलं नाही. तो शेवटचा, खिडकीखालच्या बाळाचा फोटो या नव्या फोनचाच."

"जुना बिघडला कशाने?"

"काय माहीत? माझ्याकडे तर चांगला चालत होता."

तेवढ्यात मागच्या खोलीतून तिला हाक आली. ती उठून गेली. फोटो बघते म्हणून वहिनींनी फोन हातात घेतला होता. भावोजी पडद्याकडे बघत राहिले. मुलगी परतली तेव्हा फोन जागेवर होता आणि वहिनी पर्सची चेन लावत होत्या.

---

मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालचे छोटे डॉक्टर जिन्याखाली सापडले. डोळ्यांखाली काळं, खिशात सारखा वाजणारा फोन. बोलता बोलता त्यांनी तो दोनदा काढून बघितला.

"तुम्ही वरच्या विभागात जाता?" वहिनींनी विचारलं.

"नाही. माझी नेमणूक खाली. ऑपरेशन झालेले रुग्ण, जखमा, पट्ट्या. खालच्याने वर जायचं नाही, वरच्याने खाली यायचं नाही, असा कडक नियम आहे."

"बाळांच्या रक्तातला जंतू खाली कुणात आहे?"

छोट्या डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं. "एक आजोबा आहेत. मधुमेहाने पाय सडलाय, बाहेरच्या सर्जनांचा सल्ला चालू आहे. त्यांच्या जखमेत तोच आहे. औषधांना न जुमानणारा, आणि कोरड्या वस्तूवरसुद्धा कित्येक दिवस तग धरणारा. पण आजोबा खाटेवरून हललेले नाहीत. पट्टी मी करतो, मी वर गेलो नाही. सिस्टर कधी खाली आल्या नाहीत. मी साहेबांना म्हटलं होतं, हे तपासू या. ते म्हणाले, आपल्या कामाशी काम ठेवा."

"पाय सुधारतोय की बिघडतोय, हे बाहेरच्या सर्जनना कसं कळतं?"

"रोज पट्टी सोडली की फोटो पाठवतो. काउंटरच्या फोनवरून. रुग्णांचे फोटो स्वतःच्या फोनवर काढायचे नाहीत, हाही नियमच." पुन्हा त्यांचा फोन वाजला. ते ओशाळले. "घरी आई आजारी आहे. माफ करा."

ते गेल्यावर भावोजी म्हणाले, "वहिनी, माणूस हाच. क्षणभर फोन सोडत नाही. चोरून वर गेला असणार."

"आजोबा हलले नाहीत. हा वर गेला नाही. ती खाली आली नाही. तरी जंतू जिना चढला," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे जिना कोण चढलं, भावोजी?"

भावोजींनी जिन्याच्या पायऱ्यांकडे निरखून बघितलं. त्यांना पायऱ्याच दिसल्या.

---

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत फुलं होती, सन्मानचिन्हं होती आणि एक चकचकीत बेसिन होतं.

"मला त्या मुलीची कीव येते," ते म्हणाले. "पण बाळ गेलंय. आईला मी काय तोंड दाखवू? हात धुणं हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. बघा, असे धुवावे लागतात."

त्यांनी बाह्या सरसावल्या. तळहात, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, मग एकेक नख. पुजाऱ्याच्या निष्ठेने धुतले. भावोजी भारावून बघत राहिले. एका नखावरची जुनी चीर सोडली, तर हात शिल्पातल्यासारखे होते.

"आणि धुतल्यावर?" वहिनींनी विचारलं.

"धुतल्यावर काय?"

"धुतल्यावर पहिला स्पर्श कशाला?"

"बाळाला. दुसरं काय?"

टेबलावर त्यांचा फोन थरथरला. त्यांनी ओल्या हातांनीच तो उचलला, बोटाने सरकवला, पुन्हा ठेवला आणि वहिनींकडे बघून प्रसन्न हसले.

---

आठवडाअखेर वरच्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले. आरोग्य अधिकारी हा कोरड्या चेहऱ्याचा, मोजकं बोलणारा गृहस्थ होता. मोठे डॉक्टर त्याच्या उजव्या हाताला. समोर सिस्टर, तिच्या शेजारी ताठ बसलेल्या सासूबाई. दाराशी छोटे डॉक्टर आणि काउंटरवरची मुलगी. वहिनींनी बाळाच्या आईलाही बोलावलं होतं. डॉक्टरांनी नापसंती दाखवली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "इथं सगळ्यात जास्त हक्क त्यांचा आहे."

मग त्या दिराकडे वळल्या. "भावोजी, अधिकारीसाहेबांना घेऊन गॅलरीत जा. काचेबाहेरून बाळाचा एक फोटो काढून आणा. तुमच्यासारखा काढणारा या गावात नाही, तेव्हा जीव लावून काढा."

भावोजींनी खरंच जीव लावला. वाकले, गुडघ्यावर बसले, काचेला नाक लावलं. फोटोत दिव्याची पांढरी पट्टी आली. मग त्यांचं स्वतःचं टक्कल आलं. काचेपलीकडे पेटीचं प्लास्टिक होतं, त्याचीही झाक आली. बाळ धुक्यात हरवल्यासारखं दिसत होतं, तेही वरून. चौथ्या प्रयत्नाला भावोजींचा हात थांबला.

"वहिनी," परत आल्यावर ते हळूच म्हणाले, "खालच्या पडद्यावरचे फोटो काचेबाहेरचे नाहीत. खोलीतून पेटीवर धरूनही काढलेले नाहीत. कॅमेरा पेटीच्या आत होता. बाळाच्या उशाशी, गादीवर."

अधिकाऱ्याने वही उघडली.

"पेटीला बाजूला हात घालायची गोल खिडकी असते," वहिनी म्हणाल्या. "तिच्यातून फोन आत गेला. तोही तीनच पेट्यांत. दाराजवळच्या, कोपऱ्यातल्या आणि खिडकीखालच्या. जी तीन बाळं पडद्यावर, तीच तीन आजारी. मधल्या पेट्यांतली बाळं पडद्यावर नाहीत, म्हणून ठणठणीत."

"पण फोन आत जातच नाहीत," सिस्टर म्हणाली. "खण आहेत."

"खण माणसांच्या फोनला आहेत, पोरी. काउंटरचा फोन कुणा एकाचा नाही, म्हणून त्याला खण नाही. साहेब स्वतःचा फोन सगळ्यांसमोर खणात टाकायचे आणि दुसरा गाऊनच्या खिशात घालून आत जायचे. शिल्पासारखे हात धुवायचे. तुला प्रेमाने दुधाच्या खोलीत बसवायचे. तू बघू नयेस म्हणून."

छोटे डॉक्टर भिंतीला टेकले. "तोच फोन मी आजोबांच्या पायापाशी..."

"हो. पट्टी सोडायची, फोटो काढायचा, फोन काउंटरवर. तुम्ही नियम पाळलात. पण तो फोन कधी पुसायचा, हा नियम कुणी केला नव्हता. आजोबा हलले नाहीत, तुम्ही वर गेला नाहीत, सिस्टर खाली आल्या नाहीत. जिना फोन चढला."

"हा सगळा तर्क आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज अजून मऊ होता. "फोटो कुणीही काढले असतील."

"बाळाने धरलेलं बोट कुणाचं, ते तुमच्या नखाची चीर सांगेल. हात टेबलावर ठेवा ना."

डॉक्टरांनी डावा हात टेबलाखाली घेतला. अधिकाऱ्याने ते पाहिलं.

"बरं, काढले मी. मायेने काढले," ते म्हणाले. "रुग्णालय चालवायचं तर लोकांपर्यंत पोचावं लागतं. त्यातून नकळत काही झालं असेल तर..."

"नकळत?" वहिनींचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पहिल्या बाळाच्या वेळी नकळत म्हणा. दुसऱ्या बाळाला ताप आला तेव्हा तुमच्या लक्षात आलं होतं. नाहीतर चांगला चालणारा फोन तुम्ही गायब का केला असता? मालक माणूस काउंटरसाठी फोन विकत घ्यायला स्वतः जातो, असं मी कुठं ऐकलेलं नाही. तेव्हाच तोंड उघडलं असतं, तर पेट्या पुसल्या गेल्या असत्या, तिसरं बाळ वाचलं असतं या दुखण्यातून. पण तुम्ही नवा फोन घेतला आणि सवय जुनीच ठेवली. पुन्हा आत गेलात, पुन्हा फोटो काढला."

"नव्या फोनवर जंतू कसा असेल?" डॉक्टर झटकन बोलून गेले.

"म्हणजे जुन्यावर होता, हे मान्य," अधिकारी म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं लांब वाक्य होतं.

वहिनींनी पर्समधून एक लिफाफा काढून त्याच्यापुढे ठेवला. "नव्या फोनला कव्हर जुनंच चढवलंय. त्याच्या कडेतून मी कापसाची काडी फिरवली होती. हा माझ्या जुन्या प्रयोगशाळेचा अहवाल. जंतू तोच. माझा शब्द प्रमाण मानू नका. फोन खाली काउंटरवर आहे, तुमचा नमुना तुम्ही घ्या."

काउंटरवरच्या मुलीने स्वतःचे हात बघितले आणि ते अंगापासून लांब धरले.

"तुम्हाला कळलं होतं," वहिनी डॉक्टरांना म्हणाल्या, "आणि तरी तुम्ही या मुलीच्या फाटलेल्या हातांकडे बोट दाखवलंत. हात धुऊन धुऊन रक्त आलेल्या हातांकडे. चूक माणसाकडून होते. हे चुकीपलीकडचं आहे."

बाळाची आई उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. तिचा आवाज एका पट्टीत होता.

"फोटो लावू का, हे विचारलंत. फोन आत घालू का, हे नाही विचारलंत."

ती डॉक्टरांकडे पाठ करून वळली.

"मी हो म्हटलं होतं," ती सगळ्यांना उद्देशून म्हणाली, आणि जागेवरच खाली बसली. तिला धरलं ते सिस्टरने. फाटक्या हातांनी तिचं डोकं छातीशी घेऊन ती म्हणत राहिली, "तुम्ही फोटोला हो म्हटलंत. बाकी कशालाच नाही. ऐकताय ना? बाकी कशालाच नाही."

भावोजींना तिथं थांबवेना. ते गॅलरीत गेले. फोनमधल्या ज्या कॅमेऱ्याने आपला धंदा बुडवला, त्याच्यावरचा राग आजवर त्यांनी हसण्यावारी नेला होता. आज त्यांना कळलं, राग यंत्रावर नव्हताच.

---

अधिकाऱ्याने विभाग बंद करून धुऊन काढायचा हुकूम दिला. फोन आणि कव्हर सीलबंद झालं. डॉक्टरांवर पोलिसांत तक्रार गेली, मात्र त्यांच्या वकिलाची गाडी पोलिसांच्या आधी पोचली. ते सुटणार की नाही, ते भावोजींनी वहिनींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, "मी पुरावा देऊ शकते, लाज देऊ शकत नाही."

बाळांना दुसऱ्या रुग्णालयात हलवायचं ठरलं. तिसरं बाळ अजून औषधांवर होतं, त्याच्यासोबत जाणकार माणूस हवं होतं. अधिकाऱ्याने सिस्टरकडे पाहिलं. तिने बाह्या वर केल्या आणि बेसिनकडे गेली.

बाहेर बातमी फुटली होती. रुग्णवाहिकेपर्यंतच्या वाटेवर गर्दी जमली. पेटी दारातून बाहेर आली, तसे पन्नास हात वर गेले आणि प्रत्येक हातात फोन. कुणी वाकून, कुणी पेटीच्या अगदी वर धरून. "बाळ दिसतंय का बघ," कुणीतरी म्हणालं.

सासूबाई सुनेच्या पुढे झाल्या. दोन्ही हात पसरून, पेटीला पाठीशी घालून त्या चालू लागल्या. पुढे आलेला पहिला फोन त्यांनी मनगटाने बाजूला सारला. दुसऱ्याच्या मालकाकडे नुसतं बघितलं.

"खाली घे," त्या म्हणाल्या. "लेकरू आहे ते."

एकेक हात खाली येत गेला. सून मागून पेटी ढकलत होती. रुग्णवाहिकेचं दार उघडलं, तेव्हा सासूबाई न वळता म्हणाल्या, "जा तू. घरचं मी बघते."